डब्याखालचा पापड

सुरुवातीलाच माफी मागतो. व्यक्तिचित्र लिहायचं तर माणूस मोठा हवा, नाहीतर निदान लिहिणारा तरी मोठा हवा. इथे दोन्हीची पंचाईत आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. आजवर मी घरासाठी लिहिलेलं सर्वांत मोठं साहित्य म्हणजे दादाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, आणि त्यातही एका काकांचं नाव राहून गेलं, ते अजून नीट बोलत नाहीत. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते माझे थेट कोणी लागत नाहीत. माझ्या थोरल्या भावाचे ते सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. नात्याच्या मांडणीत पाहिलं तर ते मुलीकडचे आणि आम्ही मुलाकडचे, म्हणजे त्यांनी आमच्यापुढे जरा वाकून असावं अशी आमच्या नातेवाइकांची समजूत. आणि माणूस वाकला की खांद्याची ठेवण बिघडते अशी मामांची. माझं काही चुकलं तर त्यांनी मोठ्या मनाने समजून घ्यावं, असं इथे लिहिणार होतो, पण ते तसं काही करणार नाहीत. ते चिडतील. तरी लिहितो.

तर दादाचे सासरे म्हणजे जगातल्या एकूण आपटाआपटीवर एकट्याने रागावलेला माणूस. रागावणारे पुष्कळ असतात हे मला मान्य आहे. पण लोक महागाईवर रागावतात, सुनेवर रागावतात, नळाला पाणी आलं नाही म्हणून रागावतात. मामा रागावतात ते कोणी स्टीलचा पेला टेबलावर ठणकन ठेवला म्हणून, कोणी बाजाराची पिशवी ओट्यावर टाकली म्हणून, रिक्षावाल्याने खड्ड्यात रिक्षा आदळून वर मागे वळूनही पाहिलं नाही म्हणून. ते बदलापूरजवळच्या चामटोलीचे, आणि नोकरी बसवर कंडक्टरची. बदलापूरच्या बाजूच्या खेड्यांत जाणाऱ्या लाल गाडीत छताखालून घंटीची दोरी गेलेली असे. एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. बाकीचे कंडक्टर उतरणाऱ्याची पाठ दिसली की डबल बेल देऊन मोकळे होत. मामा दारात उभे राहून खाली बघायचे आणि विचारायचे, "पाय टेकला का? दुसरा?" दुसरा पाय जमिनीला टेकल्याची खात्री पटल्याशिवाय ते दोरीला हात लावत नसत. कोणी तरुण पोरगा चालत्या गाडीतून उडी मारून उतरला तर गाडी थांबवून त्याला परत वर बोलवत आणि माणसासारखा उतरायला लावत. त्यांची गाडी कधी वेळेवर पोचली नाही, असं वहिनी सांगते. त्यांच्या गाडीतून उतरताना कधी कोणी पडलं नाही, हेही तीच सांगते, पण ते सांगताना तिचा आवाज बदलतो.

निवृत्तीनंतर उतरवायला माणसं उरली नाहीत, तेव्हा ते वस्तूंकडे वळले. चहाचा कप बशीत ठेवताना आवाज येता कामा नये. कुकर शेगडीवरून असा उतरवायचा की शिट्टीलाही कळू नये. त्या सावकाशीपायी खालची डाळ करपली तर तो डाळीचा दोष. दारांच्या बाबतीत तर ते इतके हळुवार की त्यांनी लावलेलं दार लागलेलंच नसतं. अंबरनाथला आमच्याकडे आले की आल्या आल्या पाण्याची बाटली स्वतःच फ्रीजमधून काढतात आणि फ्रीजचं दार असं काही मायेने लोटतात की ते दोन बोटं उघडंच राहतं. एकदा रात्रभरात सगळं दूध नासलं. आईचा संताप झाला, पण व्याह्यांना कसं बोलणार, म्हणून तिने मला बोलून घेतलं.

इथपर्यंत मामा म्हणजे नुसती गंमत होती. पुढचं लिहिताना मला अजून राग येतो. आमच्याकडे लग्नात व्याहीभेट असते. दोघे बाप मांडवात समोरासमोर येतात, टोपी-उपरणं होतं, गळाभेट होते, आणि मुलीचा बाप मुलाच्या बापाला मिठीत धरून जमिनीवरून उचलतो. लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, संपलं. दादाचं लग्न पालेगावच्या बाजूला, नव्या इमारतींच्या मधल्या एका हॉलमध्ये झालं. माझे बाबा अंगाने किरकोळ; कारखान्यात मशीनपुढे उभं राहून राहून जेवढे उरलेत तेवढे. मामांनी त्यांना सहज उचललं. आणि वर, सगळे टाळ्या वाजवत असताना, मामांच्या उजव्या खांद्याने दगा दिला. बाबा निसटले. डोक्याला फेटा, गळ्यात हार, अंगात नवीन सफारी आणि दोन्ही पाय समोर पसरून ते गालिच्यावर बसले. अख्खा हॉल हसला.

हसले ते हसले, लग्नात माणसं हसणारच. पण माझ्या एका चुलतभावाने त्या पडण्याचं शूटिंग मिळवलं, त्याला कार्टूनसारखं संगीत लावलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबा पडतात, उठतात, पुन्हा पडतात. कोकणातल्या आत्यापर्यंत ते पोचलं. ज्यांचं पत्रिकेतलं नाव राहिलं होतं त्या काकांनी जाहीर केलं की मुलीकडच्यांनी वराच्या बापाला भर मांडवात मुद्दाम आपटला, असा अपमान आपल्या घराण्यात कधी झाला नव्हता. (घराण्यात म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही.) बाबांचं माकडहाड इतकं दुखावलं की ते कित्येक दिवस कामावर हवा भरलेल्या ट्यूबवर बसत, आणि तिथल्या लोकांनी त्या ट्यूबला आमच्या व्याह्यांचं नाव दिलं. बाबा एक दिवस घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले. तक्रार म्हणून त्यांनी आयुष्यात केलेली ती एवढी एकच गोष्ट.

लग्नानंतरच्या रविवारी मामा वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. सोफ्यावर बसेनात. बाबा पुन्हा पुन्हा म्हणाले की लग्नकार्यात असं चालायचंच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "उचललं बराबर होतं व्याही. खाली ठेवता नाय आलं. पाय टेकायच्या आदी सोडलं मी तुमाला." त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा हात मांडीवरून हललाच नव्हता. माझा राग काही तेव्हा गेला नाही. त्या दिवशी फ्रीजचं दार मात्र घट्ट लागलेलं होतं, कारण ते पाणी न पिता गेले.

त्यानंतर मी मामांना पाहिलं ते थेट उल्हासनगरात, आणि तेही बनियनवर. माझं कॉलेज उल्हासनगरला. वर्गातल्या तीन मित्रांनी जिम लावली म्हणून मीही लावली. कपड्यांच्या दुकानाखालचं तळघर, वर पंखे, भिंतींना आरसे. पहिल्याच दिवशी दारातूनच कोपऱ्यातल्या आरशात दादाचे सासरे दिसले. मी घाबरून परत फिरणार, तेवढ्यात तेच बाहेर आले आणि सोयऱ्याला शोभेल अशा अदबीने म्हणाले की या पावणं, पाणी घेणार का, घरी सगळी बरी आहेत ना. दार धरून त्यांनी मला आधी आत जाऊ दिलं. आत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाले, "ए, खांदे बघ कुटं चाललेत तुजे." हा त्यांचा नियम पुढे कधी बदलला नाही. जिमच्या दाराबाहेर मी मुलाकडचा, मला तुम्ही आणि पावणं. दाराच्या आत मी एक चुकीचा खांदा. मुलीच्या बापाची नम्रता ते शर्टाबरोबर खुंटीला टांगत असत.

बदलापुरात जिम नव्हती असं नाही. पण बदलापुरात त्यांना सगळे ओळखतात, आणि ज्याने व्याही पाडला त्याने जिमला जावं, याच्यावर लोक काय काय बोलले असते. म्हणून ते रोज विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून उल्हासनगरच्या या जिमपर्यंत चालत यायचे. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टर त्यांना भेटली होती. खांदा सुधारेल, पण सावकाश, असं तिने सांगितलं आणि तारेच्या यंत्रावरचा एक व्यायाम शिकवला. एकच. तो एक व्यायाम हातात आल्यावर मामांनी तो सगळ्या जगाला लावला.

यंत्र म्हणजे एक उभा खांब, त्यावर वर-खाली सरकवता येणारी कप्पी, कप्पीतून आलेली तार, तारेच्या टोकाला मूठ आणि मागे लोखंडी पाट्यांची चळत. पिन जिथे खोचाल तेवढ्या पाट्या उचलल्या जातात. कप्पी अगदी तळाला आणायची. यंत्राकडे कूस करून उभं राहायचं आणि लांबच्या हातात मूठ धरायची, म्हणजे तार पोटासमोरून आडवी जाते. मग हात बाजूने वर न्यायचा, खांद्याच्या उंचीपर्यंत, त्याच्या वर नाही. ऐकायला इतकं सोपं की मी मध्यम वजनाला पिन खोचून झटक्यात हात वर केला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालत्या गाडीतून उडी मारली होती. त्यांनी पिन काढून सगळ्यात वरच्या पाटीला लावली. मग माझ्या खांद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कानाला काय सांगाय चाललाय?" खांदा खाली राहिला पाहिजे. पुढे कोपर जायला हवं, मनगट त्याच्या मागून. कोपर ताठ नको, फार वाकलेलंही नको. कंबर स्थिर, झोका घेऊन हात वर नेणं म्हणजे धक्का मारून चालू केलेली गाडी. आणि हे सगळं जमलं तरी ते व्यायामात धरलं जात नव्हतं. व्यायाम पुढे होता. हात खाली आणताना वर नेताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला पाहिजे आणि शेवटी पाटी पाटीवर टेकली तर आवाज येता कामा नये. आवाज आला की मामा जीभ टाळ्याला लावून एकदा 'टिंग' करायचे, म्हणजे थांब. नीट झालं की दोनदा, म्हणजे चालू द्या.

मी किती दिवस ती एकच पाटी उचलत होतो हे सांगायची लाज वाटते. मला दंड हवे होते. मित्रांचे दंड माझ्या डोळ्यांदेखत फुगत होते आणि मी यंत्राच्या बाजूला उभा राहून, वरण वाढल्यासारखा हात हलवत होतो. एक मित्र येऊन मागे डोकावला आणि पिन पडली आहे का बघू लागला. मी मामांना एकदा हिंमत करून म्हटलं की एवढ्या वजनाने काही होत नाही. ते म्हणाले की होत नसेल तर हात थरथरतोय का. थरथरत होता. त्यांचा उजवा हात तर त्याच एका पाटीने पानासारखा थरथरायचा, आणि खांद्याच्या खूप खाली, बरगडीच्या उंचीलाच अडायचा. तिथे ते थांबायचे, दात आवळायचे आणि जेवढा वर गेला तेवढा, पण आवाज न करता खाली आणायचे. ते बघितल्यावर मी पुन्हा वजनाचा विषय काढला नाही. राग मात्र होता. तो कोणावर होता हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

गडबड झाली ती कॅम्पातल्या, म्हणजे उल्हासनगरच्याच वस्तीतल्या, एका पोरामुळे. दंडावर वाघ गोंदलेला, आणि मोबाइल समोर उभा केल्याशिवाय तो वजनाला हात लावत नसे. त्या दिवशी त्याने त्याच यंत्राला अर्ध्या चळतीपर्यंत पिन लावली आणि सगळं अंग झोकून हात वर फेकला, मग सोडून दिला. धाड. पुन्हा वर, पुन्हा धाड. तळघर हादरत होतं. मामा सहन करत होते, म्हणजे त्यांच्या मानाने फारच. शेवटी ते उठले, चालू मोबाइलसमोर गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली दाबला. तो म्हणाला, "अंकल, रील बन रही है." मामा म्हणाले, "बनू दे. पण खांदा खाली घे, मग बनव. लोकं बघून शिकतात." आणि पाटी टेकताच त्यांनी सवयीने 'टिंग' केलं.

त्या पोराने रील तशीच टाकली. वर लिहिलं, जिम का कंडक्टर. दोन दिवसांत ती बदलापुरात पोचली, आणि तिथल्या कोणा रिकामटेकड्याने लग्नातलं पडणं आणि हे टिंग एकाला एक जोडून पुढे पाठवलं. मला त्या माणसाचं नाव कळलेलं नाही, हे त्याचं नशीब. ज्या माणसाने कधी कोणाचा दुसरा पाय टेकल्याशिवाय घंटी दिली नाही, त्याला लोक आता पाडणारा म्हणून ओळखणार, आणि ओळखणारे कोण, तर ज्यांना उतरणाऱ्याकडे वळून बघायलाही फुरसत नाही असे.

जिमचे मालक सिंधी, वयस्कर, स्वभावाने वाईट नाहीत. सगळे त्यांना शेठ म्हणतात. रील पाहून पोरांनी तक्रारी केल्या की अंकल टोकतात. शेठने मामांना गल्ल्याजवळ बोलावलं आणि फार संकोचाने म्हणाले, "अंकल, बुरा मत मानना. यहाँ लोग वज़न उठाने आते हैं, रखने नहीं." मामांनी खुंटीवरचा शर्ट काढला. बोललो मी. कॉलेजात वक्तृत्वाला उभा राहिलेला मी पुढे झालो, मनात चार मुद्दे तयार होते, आणि तोंडातून फक्त एवढंच निघालं की शेठ, ये मेरे भाई के ससुर हैं. शेठने माझ्याकडे समजुतीने पाहिलं. म्हणाले की मग तर घरची गोष्ट आहे, घरीच करवा ना, साईं. आणि मग, सिंध्यांच्या दारातून माणूस रिकाम्या हाताने जात नाही म्हणून, त्यांनी आतून घरच्या पापडांचा एक मोठा पुडा आणून मामांच्या हातात दिला. मामांना तो अपमान परवडला, पापड परवडले नाहीत. रस्त्यात ते मला म्हणाले की पावणं, तुम्ही बोललात ते लई झालं, पण ह्या माणसाचा पापड मी तोंडात घालणार नाय. पुडा मात्र त्यांनी टाकला नाही. टाकणं त्यांच्यात नाहीच.

आणि त्या पुड्याचं त्यांनी जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. चामटोलीला त्यांच्या घरामागे जुनी विहीर आहे. पंप आल्यापासून तिची कप्पी नुसती गंजत होती. ती त्यांनी उतरवली, उल्हासनगरातून आणखी एक आणली, आणि एक फणसाच्या बुंध्याशी खाली, दुसरी फांदीला वर बांधली. त्यातून दोरी ओवली. दोरीच्या एका टोकाला बादलीची कडी, मूठ म्हणून. दुसऱ्या टोकाला रंगाचा रिकामा डबा, त्यात खडी. आणि डबा जिथे टेकतो तिथे, सारवलेल्या जमिनीवर, शेठच्या पुड्यातला एक पापड. हात वर, डबा वर. हात सावकाश खाली, डबा पापडावर. पापड फुटला तर ती खेप मोजायची नाही, नवीन पापड ठेवायचा. पुडा संपल्यावर त्यांनी आपल्या घरच्या पापडांना हात घातला. धाकट्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे मामांच्या पत्नीने, रुखवतात मांडायला पापड वाळवून ठेवले होते. विहीणबाई गरीब स्वभावाच्या, पण त्या दिवशी त्यांनी मामांना अंगणात उभं करून जे सुनावलं ते वहिनीला शेजारणीकडून कळलं. त्यानंतर कित्येक महिने त्या घरात तुकड्यांशिवाय पापड कोणी पाहिला नाही. वहिनी माहेराहून आली की आमच्याकडेही तळलेले तुकडेच खायला मिळायचे. बाबा ते कुरकुर न करता खात. मग एके दिवशी ती आली आणि म्हणाली, आई वैतागली आहे, तळायला तुकडे मिळत नाहीत, पापड फुटतच नाहीत.

मी त्या सुमारास चामटोलीला गेलो होतो. मामांचा हात खांद्याच्या उंचीला जात होता. थरथरत जात होता, पण कान आणि खांदा यांच्यात अंतर होतं. डबा पापडावर टेकला तेव्हा फणसाचं एक पान पडलं, त्याचा आवाज जास्त झाला.

लग्न बदलापूरलाच ठरलं. नवे व्याही इमारतींना वाळू-सिमेंट पुरवणारे, आणि अंगाने असे की ते रिक्षात बसले की रिक्षावाला दुसरं भाडं घेत नाही. मामांच्या भावकीने एकमुखाने सांगितलं की या वेळी व्याहीभेट नको, नारळ द्या, हात जोडा, पुन्हा शोभा नको. डॉक्टरबाईंनीही बजावलं की डबा ठीक आहे, माणूस उचलायचा नाही, खांदा परत गेला तर मी काही करू शकणार नाही. मामा तेव्हा त्यांच्यावरही चिडले, एरवी त्यांचा शब्द वेदासारखा. मला म्हणाले की सगळे उचलू नको म्हणतात, खाली ठेवायचं राहिलंय त्याचं काय. मला वाटलं ते नव्या व्याह्यांबद्दल बोलताहेत, आणि मी मनातून घाबरलो. घरी आल्यावर बाबांनी मला एवढंच विचारलं की त्यांचा हात कुठवर जातो आता. मी म्हटलं, खांद्यापर्यंत. बाबा म्हणाले, पुरे तेवढा.

लग्नाच्या दिवशीच माझा राज्यशास्त्राचा पेपर आला. मी म्हटलं, पुढच्या वेळी देतो. बाबा एरवी कशाला नाही म्हणत नाहीत, पण याला म्हणाले. आपल्या घरात पेपर द्यायला बसलेला पहिला माणूस लग्नाच्या जेवणासाठी उठणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मी संसदेच्या अधिकारांवर काय लिहिलं ते आठवत नाही. माझा खांदा तीन तास कानाला लागलेला होता एवढं आठवतं.

संध्याकाळी घरी येऊन वाट बघत बसलो. कोणी फोन उचलत नव्हतं. अंधार पडता पडता सगळे आले, आणि एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला कोणी देईना. आई मठ्ठ्याबद्दल बोलत होती, मठ्ठा फार पातळ होता. दादा गाडी कुठे लावली आणि ती कोणी अडवली हे सांगत होता. वहिनीचे डोळे रडून सुजले होते, तरी ती पाठवणीची गोष्ट सांगताना हसायला लागली: मामांनी नवरीच्या गाडीचं दार लावलं, आपल्या पद्धतीने, आणि गाडी फाट्यापर्यंत जाऊन थांबली, कारण दार लागलेलंच नव्हतं. धाकटीने खिडकीतून डोकं काढून हाक मारली, मामा पळत गेले, दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा तसंच लोटलं, तेव्हा शेवटी ड्रायव्हरने उतरून धाडकन लावलं. मी म्हटलं, ते राहू दे, मामांनी उचललं का? आई म्हणाली, कोणाला? नव्या व्याह्यांनी उलट मामांनाच लहान मुलासारखं एका हाताने उचललं, सगळे हसले, मामांनी नुसता नारळ दिला.

मला इतका राग आला की मी कपडे न बदलता गॅलरीत गेलो. एवढे महिने, एवढे पापड, आणि शेवटी जिंकली ती भावकी आणि तो रीलवाला. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून फेट्याचं कापड उलगडून घडी घालत होते. मी त्यांना हे सगळं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, घडी पुरी केली, आणि मग सांगायला लागले, जसं काही मी विचारलंच नव्हतं.

मामा त्यांच्याकडे आले होते. स्टेजवर नाही, खाली, बाबा एका बाजूला खुर्चीत बसले होते तिथे. शूटिंगवाला आईस्क्रीमच्या रांगेत होता, बघायला कोणी नव्हतं. मामा म्हणाले की व्याही, आपलं राहिलंय. आणि उचललं.

"मग?" मी विचारलं.

"मग खाली ठेवायला घेतलं," बाबा म्हणाले. "वेळ लागला रे. हात थरथरत होता त्यांचा, मला पाठीला कळत होतं. मला वाटलं आलो खाली, म्हणून मी सुटायला बघितलं, तर म्हणाले थांबा. पाय टेकला का? मी म्हटलं, टेकला. म्हणाले, दुसरा?"

बाबांनी फेट्याची घडी मांडीवर सपाट केली.

"मी म्हटलं, दुसरापण टेकला. तेव्हा सोडलं. मग डबल बेल दिली आणि पंगत बघायला गेले."